शमीमच्या मशीनमधली माणसं

शमीमबद्दल लिहा, असं माझी सून केव्हाची म्हणतेय. "आई, तुम्ही बोलता तसंच लिहा, म्हणजे झालं." मग बसले वही घेऊन. तर पहिलंच वाक्य मनात आलं ते असं, की मला ती बघवायची नाही. खोडणार होते. पण खोडलं तर पुढचं सगळंच खोटं होईल, म्हणून राहू दिलंय.

तसं तिचं वागणं वाईट नव्हतं हो. वाईट असतं तर किती सोपं झालं असतं! बाजारात चार बायकांना सांगितलं असतं, मोकळी झाले असते. पण हिचं सगळं चांगलंच. चहा चांगला, हात चांगला, बोलणं चांगलं. नवरा हमीद टेम्पो चालवायचा, तो घरी आला की आधी हिला पाण्याचा तांब्या नेऊन द्यायचा. आमच्या ह्यांनी उभ्या जन्मात मला पाणी दिलं ते एकदाच, मी हिवतापानं पडले होते तेव्हा. तेही कोमट.

मी भोरच्या कचेरीसमोर पत्र्याच्या शेडमध्ये मराठी टाईपरायटर घेऊन बसायचे. शिक्षण सातवी. टायपिंग कुणी शिकवलं नाही, जुनं मशीन घेतलं आणि बोटं आपटून आपटून शिकले. अर्ज, दाखल्यांची कागदपत्रं आणि लगीनसराईत पत्रिकांचे मजकूर. भोरपासून वेल्ह्यापर्यंत कुणाच्या घरी लग्न निघालं की माणूस आधी माझ्याकडं यायचा. कुणाचा चुलता थोरला, कुणाची आत्या रुसलेली, हे सगळं मला तोंडपाठ. लोक "टायपिंगवाल्या काकू" म्हणायचे, आणि मला ते फार आवडायचं.

शमीम लग्न होऊन गावात आली ती एकोणीस वर्षांची. अंगानं किरकोळ, चष्म्याच्या दांडीला दोरा, ओढणीचं टोक कायम कमरेला खोचलेलं. एक दिवस शेडमध्ये येऊन उभी राहिली. म्हणाली, "मावशी, मला शिकवाल?" मी शिकवलं. कौतुकानं शिकवलं, हेही लिहिलं पाहिजे. सहा आठवड्यांत पोरगी माझ्यापुढं गेली. मी मशीनकडं बघून टाईप करायचे, ही समोरच्या माणसाशी गप्पा मारत करायची. त्या दिवसापासून माझ्या पोटात जो पीळ पडला तो पुढं बारा-तेरा वर्षं सुटला नाही.

मग सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला तिच्या भावानं पुण्याहून एक कॉम्प्युटर पाठवला. कुठल्याशा हापिसानं काढून टाकलेला. तो तिनं ओटीवर मांडला आणि पत्रिका करायला लागली. तिनं मराठी अक्षरंही मुद्दाम माझ्या टाईपरायटरसारखीच बसवून घेतली होती. जे अक्षर माझ्या मशीनवर ज्या जागी, तेच हिच्या कॉम्प्युटरच्या बटणांच्या पाटीवर त्याच जागी. का, तर शिकलेली बोटं वाया जायला नकोत.

त्या कॉम्प्युटरच्या डब्याला झाकण म्हणून कधी पाहिलं नाही मी. ते काढून तिनं कणसं वाळत घालायला घेतलं होतं. उघड्या डब्यावर टेबलफॅन लावलेला. मशीन कामाला लागलं की त्याच्या कडेवर तळहात ठेवून बसायची, गाभण शेळीच्या पाठीवर ठेवतात तसा. म्हणायची, "आता ऐकतंय. बोला."

आणि लोक बोलायचे. हीच तर तिची खरी खुबी होती. ती मजकूर लिहून आणलेला कागद घ्यायचीच नाही. "कागद ठेवा खिशात. नावं तोंडानं सांगा. घरात थोरलं कोण?" डोळे मिटून ऐकायची. मग विचारायची, "गेल्या खेपेपासनं कोण गेलं? कोण आलं?" जो गेला त्याच्या नावामागं 'कै.' लावायची, पण नाव काढायची नाही. जो जन्मला त्याचं बारसं झालं नसलं तरी "आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं" ह्या ओळीखाली 'बाळ' म्हणून घालायची, आणि पुढच्या पत्रिकेला त्याचं नाव विचारून घ्यायची. प्रत्येक घराची फाईल वेगळी. प्रत्येक घराचं कुलदैवत तिला ठाऊक. कुणाच्या पत्रिकेच्या डोक्यावर भैरवनाथ, कुणाच्या मेंगाई, कुणाच्या खंडोबा. एकदा एका पाहुण्यानं खवचटपणे विचारलं, "तुम्हाला आमचे देव कसे काय पाठ?" तर म्हणाली, "देव सोपे हायत दादा, बदलत न्हाईत. तुमचे मेव्हणेच लक्षात ठेवावे लागत्यात."

हसले सगळे. मीपण हसले. घरी येऊन आमटीत मीठ दोनदा घातलं.

विंझरच्या चार भावांची गोष्ट तर अख्ख्या भागात झाली. चौघांचं आपसांत फाटलेलं, बोलणं बंद, आणि थोरल्याच्या मुलाचं लग्न. पत्रिकेत 'आपले नम्र' खाली आपलं नाव वर पाहिजे म्हणून चौघंही स्वतंत्र येऊन बजावून गेले. वयानं थोरला वर, तर दुसरा म्हणे सरपंचकी मी केली. तिसरा म्हणे घर मी बांधलं. चौथा काही म्हणायचा नाही, नुसता ओटीवर बसून राहायचा, ते सगळ्यात वाईट. माझ्याकडं आले असते तर मी दोघांची समजूत घातली असती आणि दोघांना तोडलं असतं. शमीमनं चौघांना एकाच वेळी बोलावलं. कागद पुढं ठेवला. मधोमध कलश आणि त्याच्याभोवती चौघांची नावं गोल फिरवलेली, तोरणासारखी.

थोरल्यानं कागद हातात घेतला. "ह्यात पयलं नाव कुणाचं?"

"तुमी कागद जसा धराल तसं," शमीम म्हणाली. "तुमच्या हातात तुमचं."

दुसऱ्यानं तो कागद ओढून घेतला, जरा फिरवला, बघितला. मग तिसऱ्यानं. चौथा पहिल्यांदाच बोलला. "हे बेस हाय," म्हणाला, आणि चहा मागितला. पाच वर्षांत चौघांनी एकत्र घेतलेला तो पहिला चहा, असं विंझरचे लोक सांगायचे. पुढं दोन वर्षं जो तो "आमचंपण गोल करा" म्हणत यायचा. माझ्या शेडवर तेव्हा दिवसाला दोन अर्ज यायचे, आणि एखादा माणूस नुसता सावलीला.

शेवटी शमीमच आली एक दिवस. "मावशी, प्रूफ तुमी बघा. माझी नजर माझ्याच चुका झाकती. अन् एवढी नावं तुमच्याशिवाय कुणाला ठावं हायत?" माझा टाईपरायटर मी चादरीत गुंडाळून ट्रंकेत ठेवलं आणि तिच्या ओटीवर स्टूल टाकून बसले, हातात लाल पेन. तिनं मला मान दिला, हे कळत होतं. पण ज्या पोरीला मी बोटं धरून शिकवलं तिच्या घरी तिनं दिलेल्या स्टुलावर बसायचं, हे गिळायला सोपं नाही. गोड बोलून कुणी घास भरवला तरी तो घास आपला नसतो.

ह्या स्टुलावरूनच मी ठकूबाईला पहिल्यांदा पाहिलं. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला डोंगरात धनगरांची चार-पाच घरं आहेत, तिथली ही. दोन तास पायी उतरून, दोन एसट्या बदलून आलेली. सोबत तिचा म्हातारा दीर. थोरल्या लेकीचं लग्न होतं. नावं दीर सांगत होता, कारण सगळ्या भावकीची नावं त्या घरात त्यालाच येत होती. कळपामागं पांगलेली माणसं, कोण कोकणात, कोण फलटणकडं. शमीम डोळे मिटून ऐकत होती. मुलीच्या बापाचं नाव आलं तसं तिनं हळूच विचारलं, "हायत का?"

दिरानं ठकूबाईकडं बघितलं. ठकूबाई म्हणाली, "मेंढरं घेऊन गेला. चार वर्सं झाली. मेंढरं दुसऱ्या मानसानं आनून दिली. ह्यो आला न्हाई."

मी माझ्या बाजूनं शहाणपणा केला. म्हटलं, "मग 'कै.' लावावं लागेल बाई, नाहीतर लोक विचारतील, बाप मांडवात का नाही."

शमीमनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ठकूबाईला म्हणाली, "तुमी काय म्हणता?"

"त्यो गेलाय. मेला म्हनून कुनी सांगितलं न्हाई."

"मग त्यांचंच नाव निमंत्रक म्हणून घालते. घरचं कार्य, बोलवणार तेच." आणि घातलं. नुसतं नाव, मागं काही नाही. ठकूबाईनं छापलेली पत्रिका हातात घेतली. वाचता येत नव्हतं तिला, म्हणून शमीमनं तिचं बोट धरून त्या नावावर टेकवलं. बाई कितीतरी वेळ बोट तसंच ठेवून बसली होती. मी प्रूफ बघत होते, म्हणजे बघायचं नाटक करत होते. मला हे सुचलं नव्हतं. तीस वर्षं ह्या कामात होते आणि मला 'कै.' सुचलं होतं.

आता मुख्य गोष्टीवर येते. टाळत होते मघापासून.

त्यानंतर तीनएक वर्षांनी त्या कॉम्प्युटरच्या पोटातून टकटक आवाज यायला लागला. आत एक डबी असते, हार्ड डिस्क म्हणतात, तिच्यात सगळं साठवलेलं. ती भरतही आली होती आणि थकलीही होती. पुण्याहून येणारा मेकॅनिक म्हणाला, "नवीन टाका. पण आतलं सगळं जाईल, ते विसरा." शमीम म्हणाली, "विसरायला मी ठेवलं न्हाई." त्याच्याकडून तिनं नुसती डिस्क मागवली, बेताच्याच आकाराची, कारण जुन्या मशीनला फार मोठी ओळखू येत नाही म्हणे. नवीवर कॉम्प्युटर सुरू होण्यापुरता प्रोग्राम घालून घेतला. बाकीचं काम ती स्वतः करणार होती. चार-पाच वेळा एसटीडीवरून भावाला फोन करून तिनं सगळं वहीत लिहून घेतलं होतं.

तो दिवस मला अगदी लख्ख आठवतो. सकाळी हमीदनं चटई अंथरून दिली. शमीम गुडघ्यांवर बसली, पुढं उघडा डबा, दोन्ही डिस्का बाहेर. एक चपटा, रुंद पट्टा दोघींना जोडायचा होता.

"मावशी, बघा. ही जुनी, थोरली जाऊ. आजवर चूल हिच्या हातात. ही नवी, धाकटी. दोघी एकाच पट्ट्यावर नांदणार, पर थोरली कोण अन् धाकटी कोण, हे मशीनला आधी सांगावं लागतं. न्हाई सांगितलं तर दोघी एकदम बोलत्यात अन् मशीन गप पडतं."

"आमच्या घरात तेच होतं," मी म्हटलं.

ती खळखळून हसली. डिस्कच्या पाठीला बारीक खिळे होते, त्यांच्यावर तांदळाएवढी टोपी. ती टोपी एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी बसवली की पद बदलायचं. भुवया कोरायच्या चिमट्यानं तिनं ते केलं. "झालं. आजपासनं चूल नवीकडं. आता थोरलीकडनं एकेक डबा समजून घ्यायचा."

"आणि मग थोरलीचं काय?"

"ती बसंल की निवांत. लई केलं तिनं."

ती डिस्कबद्दलच बोलत होती. माझ्या कानांना मात्र भलतंच ऐकू आलं.

काय काय उचलायचं त्याची यादी तिनं कागदावर केली होती. "मी घाईत इसरते. तुमी वाचा, मी 'घेतलं' म्हटलं की त्याच्यापुढं लाल पेनानं बरोबरच्या खुणेची टिचकी मारा." यादीत पाचच गोष्टी. पत्रिका. चित्रं, म्हणजे गणपती, कलश, तोरणं. अक्षरं. अर्ज. फोटो. ह्यातलं 'अक्षरं' काय, तेही तिनं मला पूर्वी समजावून सांगितलं होतं. त्या वेळच्या कॉम्प्युटरला मराठी यायचं नाही. त्याच्या पोटात इंग्रजीच अक्षरं, त्यांच्यावर मराठीचे मुखवटे चढवायचे. ते मुखवटे वेगळ्या कप्प्यात असायचे. ते नसले तर आतली इंग्रजी अक्षरं उघडी पडतात.

पत्रिका घेतल्या. गावागणिक फाईली, तासभर लागला. मी टिचकी मारली. चित्रं घेतली. टिचकी. तेवढ्यात कामथडीचा एक माणूस आला. मी त्याच्या बहिणीची पत्रिका केली होती, त्याच्या बापाच्या जमिनीचे अर्ज केले होते. दारात उभा राहून मला म्हणतो, "काकू, जरा सरका. ताईंशी बोलायचंय."

मी सरकले. एवढंच झालं. कुणी ऐकलं तर म्हणेल, ह्यात काय मोठंसं? पण तो माणूस बोलून गेला आणि शमीम म्हणाली, "व्हय मावशी, पुढं?" आणि मी कागदावर 'अक्षरं' बघितलं, तिथं लाल टिचकी मारली, आणि तोंडानं वाचलं, "अर्ज."

विसरले नव्हते. नजर चुकली नव्हती. नेमकं काय होईल ते मला ठाऊक नव्हतं, पण काहीतरी अडेल, एवढं ठाऊक होतं. तेवढंच मला हवं होतं.

अर्ज घेतले, फोटो घेतले, आणि चार वाजता वीज गेली. त्या दिवसांत रोजच जायची. वीज परत आली तेव्हा जुनी डिस्क दोनदा टकटकली आणि गप्प झाली, ती कायमची. शमीमनं तिच्यावर हात ठेवला. "टायमावर दिलंस गं सगळं," म्हणाली तिला. मी चप्पल घालून घरी आले.

दुसऱ्या दिवशी गेले तर ती पडद्यासमोर बसलेली. पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिखल. कॉमे, कंस, डॉलर, कसलंच डोकं नाही, शेपूट नाही. प्रत्येक फाईल तशीच. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. पाच मिनिटं अगदी बरं वाटलं. थंड पाणी प्यायल्यासारखं.

"गेलं का गं सगळं?" मी विचारलं.

"न्हाई. नावं हायत मावशी. तोंड झाकून बसल्यात."

मेकॅनिक येऊन बघून म्हणाला, करप्ट झालंय, उडवा. तिनं त्याला चहा पाजून वाटेला लावलं. अक्षरांच्या मूळ फ्लॉप्या काढल्या, तर भोरच्या पावसाळी दमटपणानं त्यांना बुरशी आलेली. हमीदनं पुण्याहून तीन वेगळ्या दुकानांतली अक्षरं आणली. तेव्हा प्रत्येकाची मांडणी निराळी. एकाचं घातलं तर 'भैरवनाथ'चं भलतंच काही व्हायचं. आणि लगीनसराई तोंडावर. लोक येऊन बसायचे. "ताई, गेल्या खेपेचंच काढा की, त्यात फक्त आजोबांना कैलासवासी करा." चौकात तेव्हा नवं दुकान निघालं होतं, रंगीत छापणारं. दोघं-तिघं उठून तिकडं गेले. पण तिकडंही नावं सांगावीच लागणार होती, आणि कितीतरी घरांत सांगणारं माणूसच उरलं नव्हतं. त्यांची नावं आता फक्त ह्या डबीत होती.

ते मला ठकूबाई आली तेव्हा कळलं. धाकट्या लेकीचं जमलं होतं. ह्या वेळी एकटीच आली. दीर गेल्या साली गेला.

"भावकीची नावं त्येच सांगत हुते. मला तर निम्मी बी येत न्हाईत. पर तुज्या मशीनमदी हायत न्हवं?" मग जरा थांबून, हळूच, "आन् ह्येंचं नाव? त्ये हाय ना त्यात?"

शमीम म्हणाली, "हाय. पुढच्या बाजाराला या. काढून ठेवते."

ती गेल्यावर मी म्हटलं, "अगं, कुठनं काढणार आहेस?" शमीम पडद्यावरची फाईल उघडून तिच्याकडं बघत बसली. गावांची नावं इंग्रजीत दिलेली असल्यानं फाईल कुणाची ते कळत होतं, आतलं मात्र काही नाही. मग तिनं डोळे मिटले आणि पाटीवर बोटं चालवली, पत्रिकेची पहिली ओळ आंधळेपणानं टाईप केली. डोळे उघडले. वरच्या चिखलात जशी होती तशीच, त्याच ओळीनं, तीच इंग्रजी अक्षरं खाली उमटली होती.

ती माझ्याकडं वळली. "मावशी, ही बोटांची अक्षरं हायत. तुमच्या मशीनवर ह्याच जागा हायत ना? ही इंग्रजी अक्षरं बघून तिथली बटणं दाबली तर?"

संध्याकाळच्या आत हमीद टेम्पोतून माझी ट्रंक घेऊन आला. शमीमनं कागदाच्या टिकल्या कातरल्या, प्रत्येकीवर एक इंग्रजी अक्षर लिहिलं आणि गोंद लावून माझ्या टाईपरायटरच्या बटणांवर चिकटवल्या. ठकूबाईच्या फाईलचा चिखल छापून माझ्यापुढं ठेवला. मला इंग्रजी मोजकंच येतं, पण इथं वाचायचं नव्हतंच. जे चित्र दिसेल ती टिकली दाबायची. पहिली, दुसरी, तिसरी. कागद वर सरकला आणि तिथं मराठीत, माझ्या त्या जुन्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, मेंगाई प्रसन्न.

मला रडू आलं. शमीमला वाटलं, आनंदानं.

सगळं सरळ नव्हतं. जोडाक्षरांच्या जागी वाकडीतिकडी चिन्हं यायची, त्यांना माझ्या मशीनवर बटणच नव्हतं. तिथं मला नाव ओळखून भरावं लागायचं, आणि भोरजवळच्या घरांचं मला ते येतही होतं. पुढं रोज सकाळी दहाला जाऊन मी मशीनसमोर बसायचे. ती पडद्यावर नव्या पत्रिका करायची, मी चिखलातून माणसं उपसायचे. विंझरचे चौघे भाऊ निघाले. कितीतरी 'बाळ' निघाली, जी आता शाळेत जायला लागली होती. कामथडीच्या त्या "जरा सरका"वाल्याचं अख्खं खानदान मी दोन दिवस बसून टाईप केलं.

पुढच्या बाजाराला ठकूबाई आली. मी टाईप केलेला कागद हातात धरून एकेक नाव तिला वाचून दाखवलं. ती मान हलवत होती. "व्हय, ह्यो फलटनचा. व्हय, ही चुलतसासू." नवऱ्याचं नाव आलं. मागं काही नाही, नुसतं नाव. "पुन्यांदा वाचा," म्हणाली. मी पुन्हा वाचलं. तिनं डोळ्याला पदर लावला, उठली, आणि माझ्यासमोरून जाऊन शमीमच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. "तुजं भलं व्हईल गं पोरी."

आता बोला! टाईप मी केलं, वाचलं मी, आणि आशीर्वाद तिला. त्या क्षणीसुद्धा माझ्या पोटातला तो पीळ जागचा हलला नाही. फक्त ह्या खेपेला मला तोंड वर करायची सोय नव्हती.

लगीनसराई संपता संपता सगळ्या फाईली निघाल्या. शमीमनं त्या नव्या अक्षरांत परत घातल्या आणि ह्या वेळी तिच्या भावानं त्यांच्या सीड्या करून दिल्या. पुढं पाचेक वर्षं काम चाललं. मग हमीदला पुण्याच्या कडेला पक्कं काम लागलं आणि त्यांनी भोर सोडायचं ठरवलं. जायच्या आधी ती त्या सीड्या घेऊन चौकातल्या दुकानात गेली आणि देऊन आली. फुकट.

माझा तोल गेला. "अगं, तुझं गिऱ्हाईक पळवलेलं दुकान ते! त्यांना देतेस?"

"मावशी, मी चालले. लग्नं तर हितंच व्हणार ना?"

जायच्या दिवशी सामान हमीदबरोबर टेम्पोतून पुढं गेलं होतं. ही एसटीनं निघाली. मी पोचवायला स्टँडवर गेले. गाडी लागली, ती खिडकीशी बसली. आणि मला वाटलं, आता नाही बोलले तर हे माझ्या अंगातच कुजेल.

"शमीम, त्या दिवशी यादी वाचताना..."

"अक्षरं," ती म्हणाली. "व्हय."

माझ्या हातातली पिशवीच खाली आली. "तुला ठाऊक होतं?"

"दुसऱ्याच दिशी कागद बघितला की. म्या घेतलं न्हाई, तर टिचकी कुठनं आली? टिचकी नसती तर म्हटलं असतं, इसरल्या."

"आणि इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"तवा बोलले असते तर तुमी रुसून घरी बसला असता. मग टाईप कुणी केलं असतं?"

कंडक्टरनं दार ओढलं. मी खिडकीचा गज धरला. "राग आला होता का गं?"

"लई. चार दिस तुमाला बिनसाखरेचा चहा पाजला. तुमी काय बोलला न्हाई."

"मला वाटलं, साखर संपली असेल."

ती इतकी हसली की चष्मा नाकावरून घसरला. डोळे पुसत पुसत काहीतरी म्हणाली, पण गाडी सुरू झाली होती, इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. मी गज सोडला. गाडी वळण घेऊन फाटकाकडं निघाली तसा तिनं खिडकीतून हात बाहेर काढून हलवला. स्टँडवर तिच्या ओळखीचं कोण नव्हतं? भेळवाल्यानं हात वर केला, कंट्रोलरनं केला, बाकड्यावरच्या दोन म्हाताऱ्यांनी केला, वेल्ह्याच्या गाडीला थांबलेल्या बायकांनी केला. सगळ्यांना वाटलं, आपल्यालाच. मी सगळ्यांच्या मागं उभी होते, आणि तो हात माझ्यासाठीच होता असं म्हणायला मला अजूनही कुणी दुजोरा दिलेला नाही.